इम्युनिटी कमी की जास्त? इसब असलेल्या मुलाच्या आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका आईचा मुलगा चार वर्षांचा आहे. पाचव्या महिन्यात गालांवर इसब आला, आता तो कोपरांच्या घडीत आणि गुडघ्यांच्या मागे आहे. रक्तात एकूण आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) १,८४० आलं. एका डॉक्टरांनी 'याची इम्युनिटी जास्त आहे' असं सांगितलं, दुसऱ्यांनी इम्युनिटी वाढवायचं सिरप दिलं. सासूबाई म्हणतात, रक्तातली उष्णता आहे, मलम लावून आत दाबलात तर दमा होईल. मलमाने चार दिवसांत बरं वाटतं, पण बंद केलं की आठवड्याभरात त्याच जागी पुन्हा उठतं. त्यात त्यांनी कुठेतरी 'इंटरल्युकिनचं इंजेक्शन' वाचलं. खरं काय समजायचं?

ताई, दोन डॉक्टरांनी दोन उलट गोष्टी सांगितल्यामुळे तुम्ही गोंधळलात, त्यात तुमची चूक नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी नव्हे, की भरली तर जास्त आणि उतरली तर कमी. पेशींची आपापसात सतत बोलाचाली चालू असते, तिला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो. तुमच्या मुलाच्या कातडीत काही निरोप विनाकारण दिले जाताहेत आणि ते थांबत नाहीत. त्याच वेळी जे निरोप जायला हवेत ते दबलेत. म्हणून याच मुलाच्या चट्ट्यांत जंतू सहज वाढतात आणि याचंच आयजीई दोन हजारांच्या घरात जातं. एकाच कातडीत एक बाजू कमी आणि एक बाजू जास्त, अशी गत आहे. ते सिरप मात्र बंद करा. या बोलाचालीतलं नेमकं कुठलं वाक्य ते बदलणार, हे बाटलीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

हे निरोप नेणाऱ्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. ही अगदी छोटी प्रथिनं असतात. एक पेशी ती बाहेर सोडते. दुसऱ्या पेशीच्या अंगावर त्या प्रथिनासाठीच घडवलेलं कुलूप असतं. किल्ली बसली की त्या पेशीच्या आत जॅक नावाची एन्झाइम जागी होतात, ती स्टॅट नावाच्या प्रथिनांना हलवतात, आणि स्टॅट थेट केंद्रकात जाऊन कुठली जनुकं चालू करायची नि कुठली बंद ते ठरवतात. जॅक हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

यांतल्या बऱ्याच रेणूंची नावं इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-२ अशी क्रमाने आहेत. हे नाव १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत ठरलं, अर्थ 'पांढऱ्या पेशींच्या दरम्यान'. तेव्हा वाटायचं की हे बोलणं फक्त पांढऱ्या पेशींत चालतं. आज म्हणायचं तर नाव थोडं फसलं. इसबात पहिली हाक पांढरी पेशी देत नाही, खुद्द कातडीची पेशी देते. माझ्या शिक्षणाच्या काळात आम्हाला कातडी म्हणजे शरीराचं वेष्टण असंच शिकवलं होतं. वेष्टण बोलतं हे कळायला आमच्या पिढीचा बराच काळ गेला.

ती हाक कशी उठते ते सांगतो, कारण सासूबाईंच्या 'रक्तात आहे' याचं उत्तर तिथे आहे. कातडीच्या वरच्या थरात फिलाग्रिन नावाचं प्रथिन असतं. ते पेशींचा सांगाडा घट्ट बांधतं, आणि मग तुटून त्याचे जे तुकडे होतात ते पाणी धरून ठेवतात. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी इथल्या अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवलं, की फिलाग्रिनच्या जनुकात खोट असलेल्यांना इसब होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. त्याआधी बहुतेक सगळे इसबाला आधी ॲलर्जी आणि मग कातडी असं समजत होते. या एका शोधाने क्रम उलटा झाला. अर्थात प्रत्येक रुग्णात ही खोट सापडत नाही, आणि खोट असलेल्या प्रत्येकाला इसबही होत नाही.

वरचा थर असा विरळ झाला की साबण, धूळ, धुळीतले किडे, लोकरीची टोपी, नाशिकची डिसेंबरातली कोरडी हवा, सगळंच आतवर टोचतं. त्रासलेल्या कातडीच्या पेशी तीन रेणू सोडतात: टीएसएलपी, इंटरल्युकिन-३३ आणि इंटरल्युकिन-२५. गावकुसाजवळच्या घरातून 'चोर, चोर' अशी ओरड व्हावी, तसं. चोर आहे की मांजर, ते ओरडणाऱ्याने पाहिलेलं नसतं.

ही ओरड ऐकून ज्या पेशी धावत येतात त्या कुठल्या तुकडीच्या, यावर पुढचं सगळं ठरतं. मॉसमन आणि कॉफमन या संशोधकांनी १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींवर दाखवलं की मदतनीस टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) एकसारख्या नसतात, त्या कुठले सायटोकाइन सोडतात त्यावरून त्यांचे गट पडतात. पहिला गट पेशींच्या आत लपणाऱ्या जंतूंसाठी. दुसरा गट, म्हणजे इंटरल्युकिन-४, ५ आणि १३ सोडणारा, मुख्यतः जंत आणि अंगाला चिकटणारे परजीवी यांच्यासाठी असावा असं मानलं जातं. गोचीड बसली तर खाज सुटावी आणि खाजवून ती पडावी, असा त्यातला हिशेब. तुमच्या मुलाच्या कोपरात ही दुसरी तुकडी आली आहे, आणि तिथे गोचीडच नाही.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट. इंटरल्युकिन-४ आणि १३ हे फक्त सूज आणत नाहीत. ते कातडीच्या पेशींना फिलाग्रिन बनवणं कमी करा असाच निरोप देतात. म्हणजे ज्या मुलाचं जनुक चांगलं आहे, त्याच्याही चट्ट्यात फिलाग्रिन घटतं. कातडीतली स्निग्ध द्रव्यं बिघडतात. जंतू मारणारी जी छोटी प्रथिनं कातडी स्वतः बनवते, तीही कमी पडतात. सोरायसिस या दुसऱ्या त्वचारोगात कातडी याहून जाड आणि भेगाळ असते, तरी तिथे जंतूंचा प्रादुर्भाव कमी दिसतो, कारण तिथे ही प्रथिनं भरपूर असतात. इसबाच्या चट्ट्यांवर मात्र सुमारे ७० टक्के रुग्णांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडतो. तो स्वतःची विषं सोडून टी-पेशींना आणखी चिथावतो. कातडी फाटली म्हणून निरोप गेला, आणि निरोप गेला म्हणून कातडी आणखी फाटली. 'रक्तात की कातडीत' या भांडणात मी म्हणून पडत नाही. चक्राला सुरुवात विचारण्यात अर्थ नाही, ते कुठे अडवता येईल ते बघायचं.

खाजेबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण आईची झोप त्यावर अवलंबून असते. पित्त उठल्यावर जी खाज येते ती हिस्टामिनची. इसबाची खाज बहुतांशी हिस्टामिनची नाही. इंटरल्युकिन-३१ नावाचा रेणू २००४ मध्ये सापडला. टी-पेशी तो सोडतात आणि त्याचं कुलूप कातडीतल्या मज्जातंतूंवरच असतं. टी-पेशी सरळ मज्जातंतूला सांगते, 'खाजव'. मधे कुणी नाही. २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: इंटरल्युकिन-४ हाही मज्जातंतूंवर बसतो आणि त्यांना हळवं करून ठेवतो, आणि त्यासाठी तंतूच्या आतलं जॅक-१ वापरतो. मग चादरीचा स्पर्शसुद्धा पुरतो. त्यामुळे रात्री दिलेलं ॲलर्जीचं गोड औषध मुलाला गुंगी आणतं, खाजेच्या मुळाला ते पोचत नाही. 'औषध देऊनही झोपेत खाजवतो' ही तक्रार मला जवळजवळ रोज ऐकायला मिळते. औषध बिचारं भलत्याच दारावर उभं असतं.

तुमच्या फाइलीत सर्वांत वर लावलेला कागद आयजीईचा असणार. त्या १,८४० ने घाबरू नका. इंटरल्युकिन-४ आणि १३ हे प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींना 'आयजीई बनवा' असं सांगतात, तेव्हा हा आकडा वाढतो. म्हणजे तो झालेल्या व्यवहाराची पावती आहे. जंतांमुळेही तो वाढतो. आणि इसब असलेल्या सुमारे पाचातल्या एकाचं आयजीई चक्क नॉर्मल असतं, तरी खाज तितकीच. दर तीन महिन्यांनी तो तपासून घेण्यात पैसे घालवू नका.

हे मी नुसतं तर्काने म्हणत नाही. कुठला निरोप महत्त्वाचा आणि कुठला नुसताच गोंगाट, हे ठरवायचा एक निर्दय पण प्रामाणिक मार्ग आहे: तो एकच रेणू औषधाने अडवायचा आणि रुग्ण बरा होतो का पाहायचं. गेल्या वीसेक वर्षांत हा प्रयोग एकेका रेणूवर झाला. आयजीई अडवणारं ओमालिझुमॅब दम्यात आणि अंगावर उठणाऱ्या पित्तात चांगलं चालतं, इसबात त्याने निराशा केली. इंटरल्युकिन-५ अडवल्यावर ॲलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी घटल्या, खाज तिथेच. इंटरल्युकिन-१७ अडवून सोरायसिसची कातडी नितळ होते, इसबात काही जमलं नाही. इंटरल्युकिन-२२ अडवण्याचा फायदा मुख्यतः तीव्र रुग्णांपुरता दिसला. आणि ती पहिली ओरड, टीएसएलपी? ती अडवणारं औषध दम्यात यशस्वी झालं, इसबाच्या चाचणीत मात्र अपेक्षेइतकं उतरलं नाही. मला यातून इतकंच दिसतं, की चक्र एकदा फिरायला लागलं की पहिला ओरडणारा गप्प करून भागत नाही.

आणि मग इंटरल्युकिन-४ व १३ या दोघांना सामायिक असलेलं कुलूपच बंद करणारं डुपिलुमॅब आलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत सोळा आठवड्यांनी सुमारे ३६ ते ३८ टक्के प्रौढ रुग्णांची कातडी स्वच्छ किंवा जवळपास स्वच्छ झाली, खोटं औषध घेणाऱ्यांत हा आकडा ८ ते १० टक्के होता. तुम्ही वाचलेलं 'इंटरल्युकिनचं इंजेक्शन' बहुधा हेच. ते इंटरल्युकिन देत नाही, त्याचं कुलूप बुजवतं. अमेरिकेत प्रौढांसाठी २०१७ मध्ये आणि सहा महिन्यांच्या बाळांपर्यंत २०२२ मध्ये त्याला परवानगी मिळाली. नुसतं इंटरल्युकिन-१३ अडवणारी औषधंही आता आहेत, तीही चालतात. इंटरल्युकिन-३१ चं कुलूप अडवणारं नेमोलिझुमॅब खाज फार लवकर उतरवतं. ही यादी वाचली की दिसतं, असंख्य रेणूंच्या कोलाहलात चार, तेरा आणि एकतीस हे तिघे खरे सूत्रधार आहेत.

पण तुमच्या मुलाला आज ते इंजेक्शन हवं का? मला नाही वाटत. 'मलम बंद केलं की पुन्हा तिथेच' या तुमच्या वाक्यातच त्याचं कारण आहे. चट्टा डोळ्यांना दिसेनासा झाला तरी त्या जागी काही टी-पेशी मुक्काम करून राहतात. त्यांना आठवण असते. कातडी वरून साफ, आत त्या बसलेल्या. तुम्ही चौथ्या दिवशी मलम थांबवता, थोडा घाम, थोडी धूळ, की त्या पुन्हा बोलायला लागतात. म्हणून जागा बदलत नाही. हे रक्त अशुद्ध असल्याचं लक्षण नाही, आणि मलम निकामी असल्याचंही नाही. मलम अर्ध्यावर सोडल्याचं ते लक्षण आहे.

स्टेरॉइडचं मलम म्हणजे नवं काही नाही. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी कातडीवर हायड्रोकॉर्टिसोन लावून पहिल्यांदा गुण दाखवला, आणि आमचं शास्त्र त्या दिवसापासून बदललं. तेव्हा कुणालाच इंटरल्युकिन ठाऊक नव्हते. आता कळतं की ते मलम पेशीच्या आत शिरून एकाच वेळी पुष्कळ सायटोकाइनांची जनुकं मंदावतं. चांगले-वाईट निवडत नाही, म्हणून जास्त काळ, जास्त जोरकस लावलं तर कातडी पातळ होते. भीती खरी आहे, पण ती भलत्या मलमाला लावली जाते. आपल्याकडे खरा घात केलाय तो क्लोबेटासॉल हे फार जोरकस स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेल्या ट्यूबांनी. दुकानदार 'खाजेवर चांगली आहे' म्हणून सहज हातात ठेवतो. २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री रोखणारा बदल केला, तरी या ट्यूबा घेऊन येणारे रुग्ण अजून कमी झालेले नाहीत. तुमच्याकडे अशी ट्यूब असेल तर आजच टाका. तसंच कमरेत दिलं जाणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन. चमत्कार वाटावा इतकं लवकर बरं वाटतं, आणि मग इसब व्याजासकट परत येतो.

डॉक्टरांनी मुलाच्या वयाला योग्य असं सौम्य-मध्यम मलम दिलं असेल तर ते चट्टा पूर्ण मऊ होईपर्यंत रोज लावा. बोट फिरवून खरखर लागली तर अजून थांबायचं नाही. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर बसेल एवढं मलम दोन तळव्यांइतक्या जागेला पुरतं. बहुतेक आया भीतीने याच्या पाव भाग लावतात. कातडी सपाट झाल्यावर एकदम बंद करू नका. आठवड्यातून दोनच दिवस, ठरलेल्या वारी, त्याच जुन्या जागांवर काही महिने लावत राहा. मुक्कामी पेशींसाठी आहे ते. चेहरा, मान आणि घड्यांसाठी टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम बरं पडतं. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते मिळालं. टी-पेशी सायटोकाइन बनवायला घेते ती पायरीच ते अडवतं आणि कातडी पातळ करत नाही. लहान मुलांसाठी ०.०३ टक्क्यांचं असतं. पहिले चार-पाच दिवस झोंबतं, तेवढ्यावरून सोडू नका.

मॉइश्चरायझर हे औषधच आहे. शेणाने सारवलेली जमीन आठ दिवसांत पोपडे धरते, मग पुन्हा सारवायची असते. एकदा सारवलं म्हणून वर्षभर कुणी बसत नाही. आंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, दिवसातून दोनदा, आठवड्याला निदान शंभर-दीडशे ग्रॅम संपलं पाहिजे. महिनाभर एकच छोटी बाटली पुरते म्हणणाऱ्या घरात ते लागतच नसतं. बिनवासाचं साधं व्हॅसलीनही चालेल. एक गोष्ट कबूल करायला हवी: जन्मल्यापासून रोज मॉइश्चरायझर लावलं तर इसब होणारच नाही, अशी आम्हाला मोठी आशा होती. ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर ते करून पाहिलं, २०२० मध्ये निकाल आला, फरक पडला नाही. झालेल्या इसबाला त्याचा उपयोग आहे, न झालेल्याला ते अडवत नाही.

खाण्याचं पथ्य विचारलं नाहीत, पण घरात चालू असणार. सुरुवातीच्या वर्षांत मीही ॲलर्जीचे लांबलचक पॅनेल पाठवायचो आणि रिपोर्टात जे जे 'पॉझिटिव्ह' ते ते बंद करायचो. दूध, अंडी, गहू, शेंगदाणे सगळं बंद केलेली एक मुलगी सहा महिन्यांनी आली ती वजनाने घटलेली, आणि इसब होता तिथेच. तिच्या आईने माझ्यावर विश्वास ठेवून ते पाळलं होतं. तेव्हापासून खाल्ल्यावर तासा-दोन तासांत ओठ सुजणं, पित्त उठणं, उलटी असं काही स्पष्ट घडत नसेल, तर मी काहीही बंद करत नाही. उलट धोका दुसऱ्या बाजूने आहे. २०१५ मध्ये लंडनहून आलेल्या एका अभ्यासात, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा खायला सुरू केला, तर पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी कमी झाली. तोंडावाटे आलेलं अन्न शरीर ओळखीचं मानायला शिकतं. फाटक्या कातडीतून तेच अन्न आत गेलं तर तिथे टीएसएलपीची ओरड चालूच असते, आणि त्या गोंधळात शरीर त्याला शत्रू ठरवतं. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून जास्त लोकांना गहू खाल्ल्यावर ॲलर्जी येऊ लागली होती. म्हणून आपल्याकडे बाळाला जे डाळीचं पीठ, साय, मसूर-हळद चोळतात, ते इसबाच्या कातडीवर चोळू नका. पिठलं खुशाल खाऊ द्या. खोबरेल तेल चालेल.

आता सासूबाईंचा दमा. त्यांचं निरीक्षण अगदी खोटं नाही, हे त्यांना सांगा. इसबाच्या काही मुलांना पुढे शिंका, सर्दी आणि दमा होतो, आणि तोवर इसब ओसरलेला असतो. म्हणून बघणाऱ्याला वाटतं, बाहेरचं आत गेलं. पण दोन्हीकडे सूत्रं इंटरल्युकिन-४ आणि १३ यांच्याच हातात आहेत. कातडीतले निरोप दाबून ते छातीत जात असते, तर इसबासाठी काढलेल्या डुपिलुमॅबने दमा बळावायला हवा होता. घडलं उलटं: २०१८ पासून तेच औषध दम्यालाही दिलं जातं. उलट ज्याचा इसब लवकर सुरू होतो आणि बराच काळ तसाच पेटलेला राहतो, त्यालाच दम्याचा धोका जास्त असतो.

जॅक लक्षात ठेवायला सांगितलं होतं. ॲब्रोसिटिनिब, उपाडासिटिनिब या गोळ्या पेशीच्या आतलं जॅक-१ अडवतात, त्यामुळे चार, तेरा, एकतीस अशा अनेक निरोपांची एकदम मुस्कटदाबी होते. दोन दिवसांत खाज उतरलेले रुग्ण मी पाहिलेत. पण या गोळ्या जंतूंविरुद्धचे निरोपही अडवतात, आणि आपल्या देशात क्षयरोगाची तपासणी केल्याशिवाय त्या सुरू करायच्या नसतात. चार वर्षांच्या मुलासाठी तो विषय नाही. मोठ्या भावंडांना किंवा कुणा नातेवाइकाला कुणी चिठ्ठीशिवाय आणून देत असेल तर घेऊ देऊ नका.

वर सांगितलं ते सहा ते आठ आठवडे न चुकवता करा. त्यानंतरही तो रात्री झोपेतून उठत असेल, चट्टे पसरत असतील, तर डुपिलुमॅबचं बोलायला हरकत नाही. त्याच्या खर्चाचा विचार करावा लागेल, डोळे लाल होणं हा त्याचा नेहमीचा त्रास आहे, आणि राहिलेल्या लसींपैकी जिवंत जंतूंच्या लसी आधी उरकून घ्याव्या लागतात. चट्ट्यावर पिवळी खपली, पाणी किंवा ताप आला, किंवा एकसारखे पाण्याचे छोटे फोड उठले, तर आठ आठवडे थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना आयजीईचा नवा रिपोर्ट नेऊ नका. रोज रात्री तो किती वेळा उठला आणि आठवड्याला मॉइश्चरायझरचा किती मोठा डबा संपला, एवढं एका कागदावर लिहून न्या.